मोतीला कायमचे घर हवे आहे

गेल्या पावसाळ्यात मेहरूण तलावाच्या वाटेवर मागचा पाय जायबंदी झालेल्या अवस्थेत आढळलेला, आणि तेव्हापासून जळगावात आमच्या घरी तात्पुरत्या आश्रयास असलेला मोती हा गावठी कुत्रा, आता पूर्ण बरा होऊन, दारी येणाऱ्या प्रत्येकाचे शेपटी हलवून स्वागत करण्याइतका निर्धास्त झाला असल्यामुळे, जळगाव वा धुळे येथील एखाद्या ममताळू कुटुंबाच्या शोधात मी आहे. त्याचे निर्बीजीकरण झाले असून रेबीजची लसही टोचलेली आहे. ती मात्र दरसाल टोचावी लागते.

आखूड केसांचा हा देशी वाण आपला उन्हाळा बराच सोसतो. तथापि कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच निवत असल्याने, पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की सावली आणि पाणी यांत कसूर होता कामा नये. भाकरी तो आनंदाने खातो, परंतु आपले लाडके भरीत त्याला कदापि देऊ नये, कारण कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. पाहुणचाराच्या भरात हे हटकून विसरले जाते!

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या हुकुमात भटके कुत्रे दत्तक घेण्यास मुभा दिली, पण ते पुन्हा रस्त्यावर जाणार नाहीत याची जबाबदारी घेणाऱ्यावरच ठेवली. ही जबाबदारी मनापासून पत्करणाऱ्यांनी एखाद्या रविवारी सहकुटुंब यावे आणि मोतीला प्रत्यक्ष भेटावे, ही विनंती.