मुळशीच्या बांधकामांतील सूक्ष्म वहिवाटदार

ताम्हिणीच्या बाजूने पावसाचे लोट पूर्वेकडे सरकू लागले, म्हणजे मुळशी तालुक्यातील यच्चयावत बांधकामे, मग ती मुळा नदीवरील धरणाची भिंत असो, पौडमधील जुनी घरे असोत की हिंजवडीतील काचेच्या इमारती असोत, ज्या एका प्राचीन वस्तीच्या ताब्यात जातात, तिची दखल आपले महसुली दप्तर घेत नाही आणि दुरुस्तीची अंदाजपत्रके घेतात ती ओझरतीच. ही वस्ती जीवाणूंची, शैवालांची आणि बुरशींची आहे. तिच्याकडे केवळ घाण म्हणून पाहण्याची आपली सवय, माझ्या मते, बांधकामांच्या आयुष्याला फार महाग पडते.

गच्चीच्या कठड्याखाली, पन्हळीच्या तोंडाशी, भिंतीवर जे काळे ओघळ उतरलेले दिसतात, त्यांत बहुधा स्किटोनेमा, ग्लिओकॅप्सा यांसारखे नीलहरित जीवाणू असतात, आणि त्यांचा काळपटपणा हा उन्हापासून रक्षण करणाऱ्या रंगद्रव्याचा असतो. वैशाखात हा थर नखाने खरवडला तर कोरडी भुकटी हाती येते. मृगाच्या सरींनी तो भिजला की त्याचे प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू होते, थर फुगतो आणि पाय ठरू नये इतका बुळबुळीत होतो. जेथे ओल टिकते तेथे ट्रेंटेपोहलियाची नारिंगी लव उगवते, जी रंगाने नारिंगी असली तरी कुळाने हिरवे शैवालच होय. आणि ज्याच्या जातभाईंशिवाय आपला गोडा मसाला पुरा होत नाही, ते दगडफूल बुरशी व शैवाल यांच्या सहजीवनातून दगडावर रुजते, सूक्ष्म भेगांत तंतू घालते आणि आपल्या आम्लांनी दगडाचे कण सावकाश सुटे करते.

ज्या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या वडिलोपार्जित जमिनी बुडाल्या आणि ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सुरू झालेल्या सत्याग्रहाने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळवून दिली, त्या टाटांच्या मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीचा कडा उतरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात जाते. अशा कोणत्याही खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे ऊन पाणी तळच्या गार पाण्यात मिसळत नाही. तळचा प्राणवायू सरला की जीवाणू लोह व गंधकाच्या संयुगांवर श्वास चालवतात, लोह विरघळते, आणि ते पाणी पुढे हवेला भेटले की गॅलिओनेला, लेप्टोथ्रिक्स हे लोहजीवाणू तांबूस गाळाचे थर रचू लागतात. नळाच्या तोंडाशी जो असा तांबूस, बुळबुळीत थर साचतो, त्याचे कारण पुष्कळदा गंजाइतकेच या मंडळींतही शोधावे लागते. तळाशी गंधकाच्या संयुगांवर श्वास चालवणारे जीवाणू डेल्फ्टच्या बायेरिंक यांनी १८९५ साली ओळखले, आणि १९३४ मध्ये डच संशोधकांनी जमिनीत पुरलेल्या बिडाच्या नळांच्या क्षयाशी त्यांचा संबंध दाखवला.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती सांडपाण्याच्या काँक्रीट वाहिनीची गोष्ट. पाणी तुंबले की तळच्या चिखलात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तो वर चढून छताच्या ओलीत विरतो, आणि तेथील थायोबॅसिलस वर्गाचे जीवाणू त्याचे गंधकाम्ल करतात; त्यामुळे पाण्यात बुडालेला भाग बराचसा शाबूत राहतो आणि पाण्याने कधी न शिवलेला माथा मात्र जिप्सम होऊन पिठासारखा झडतो. मेलबर्नच्या पार्कर यांनी १९४५ मध्ये हे कोडे उलगडले. हिंजवडीसारखी गावे जेव्हा शेतातून एकदम नगरे होतात, तेव्हा वाहिनीचा उतार आणि वायुवीजन यांची हयगय म्हणजे या आम्लाला दिलेली सनदच होय. आणि धोका केवळ बांधकामांनाच नसतो; शीतकरण मनोऱ्यांच्या तुषारांतून फुप्फुसात जाणाऱ्या लिजिओनेला या जीवाणूचा धडा तर १९७६ साली फिलाडेल्फियाने जगाला दिलाच आहे.

या वस्तीचा सरसकट उच्छेद शक्य नाही, कारण क्लोरीन पाण्यातल्या जीवाणूंना मारते, पण नळाच्या आतील चिकट थराच्या आश्रयाला गेलेल्यांपर्यंत ते पुरते पोहोचत नाही. तेव्हा हवी ती रीतसर पाहणी. आणि तिच्यासाठी लांब जावयास नको, कारण १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचा, म्हणजे आजच्या आघारकर संस्थेचा, बुरशींचा संग्रह आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीवांचा संग्रह, दोन्ही पुण्यातच आहेत. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, वाहिनीचा माथा, टाकीचा तळ, मनोऱ्यातील पाणी आणि भिंतीची पश्चिम बाजू येथील नमुने घेऊन त्यांची नोंद, ग्रामपंचायत जशी घरपट्टीची ठेवते तशी, सालोसाल ठेवली जावी.