छोट्या कॅबिनेटसाठी कूलर निवडताना

छोट्या कॅबिनेटमध्ये संगणक जुळवायचा, तर प्रोसेसरचा कूलर परदेशी चाचण्यांतले आकडे पाहून नव्हे, आपल्या खोलीतली हवा पाहून निवडावा. त्या चाचण्या बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. आपला अहिल्यानगर जिल्हा मात्र बहुतांशी पर्जन्यछायेतला. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, दोन्ही तापमानांतला फरक तेवढा आवरून धरतो. हा फरक ५० अंशांचा असेल, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर राहतो आणि ४० अंशांच्या खोलीत ९० वर. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ ला. म्हणजे हाताशी उरते ती थोडकी सवलत, आणि जाळीवर धूळ बसली की तीही जाते.

मग वॉटर कूलिंग का नको? पाणी उष्णता फक्त वाहून नेते. शेवटी ती रेडिएटरमधून त्याच गरम हवेत सोडावी लागते. मोठा रेडिएटर मावत असेल तर त्याचा फायदा खरा, पण छोट्या कॅबिनेटमध्ये तो सहसा मावत नाही, आणि पंप बंद पडला की सगळेच थांबते. त्यापेक्षा प्रोसेसरपासून बाजूच्या झाकणापर्यंतची जागा मिलिमीटरमध्ये मोजा. नॉक्टुआचा एनएच-एल९आय ३७ मिमी उंच आहे, एनएच-एल१२एस ७० मिमी. जागा असताना बुटका घेणे तोट्याचेच. प्रोसेसर ६५ वॉटचा घ्या, किंवा बायोसमधून त्याची वीज तेवढ्यावर बांधून ठेवा.