जैतुनाचा घाणा

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस जैतुनाचें नांव अपरिचित नाहीं. 'गेथशेमाने' या शब्दाचा अर्थच 'तेलाचा घाणा' असा आहे. असा जुन्या रीतीचा घाणा कसा चालतो, हें इटलीच्या नकाशांत बुटाच्या टाचेसारख्या दिसणाऱ्या सालेन्तो भागांत, नोव्हेंबरच्या तोडणीच्या हंगामांत, आम्हांस पाहावयास मिळालें.

आपल्याकडे घाण्यांत वाळलेले तीळ किंवा करडई घालतात. जैतुनाचें तेल मुख्यतः फळाच्या ताज्या गरांतून निघतें. म्हणून तेथें सारी घाई असते. तोडलेलीं फळें पोत्यांत पडून राहिलीं तर तापतात, आंबतात, व तेलांतील आम्ल वाढतें. अत्युत्तम म्हणून विकावयाच्या तेलांत तें शेंकडा ०.८ हून अधिक चालत नाहीं. यास्तव शेतकरी शक्य तों त्याच दिवशीं फळें घाण्यावर आणितात.

धुतलेलीं फळें आठळ्यांसह दगडी कुंडांत पडतात व त्यांवरून उभीं दगडी चाकें फिरतात. तयार झालेला लगदा गोल चटयांवर पसरून त्यांची चळत दाबाच्या यंत्राखालीं ठेवितात. चटयांच्या कडांतून तेल व पाणी एकत्र झिरपतें. तेल हलकें असल्यामुळें वर तरंगतें व निराळें काढतां येतें. १०० किलो फळांस सुमारें १५ ते २० किलो तेल मिळतें. लगदा तापविल्यास तेल अधिक सुटतें, पण सुवास उडून जातो. म्हणून २७ अंश सेंटिग्रेडहून अधिक ऊब देत नाहींत. आतां बहुतेक ठिकाणीं वेगानें फिरणारीं पोलादी यंत्रें हेंच काम करितात.

पूर्वीं येथील घाणे भुईखालीं मऊ दगडांत खोदीत, कारण तेथें ऊब राही व तेल गोठत नसे. आंत चाक ओढावयास खेंचर असे. गाल्लीपोली बंदरांतून हें तेल दिव्यांकरितां लंडनपर्यंत जाई.

त्याच गाल्लीपोलीजवळ झाडें वाळूं लागलीं, व झायलेला नांवाचा सूक्ष्म जंतु हें त्याचें कारण असल्याचें २०१३ सालीं उघडकीस आलें. एका लहान कीटकाच्या द्वारें पसरणारा हा जंतु झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करितो. शेंकडों वर्षांच्या वृक्षांसह लक्षावधी झाडें वठलीं व अनेक घाण्यांस फळें मिळेनाशीं झालीं. रोग पुरता बरा करणारें औषध नाहीं. मात्र 'लेच्चीनो' जातीचीं झाडें तग धरितात, म्हणून त्यांचीं कलमें जुन्या बुंध्यांवर बांधीत आहेत. कलमांस भरपूर फळ धरावयास कांहीं वर्षें लागतात. तोंवर घाण्याचें चाक फिरतें ठेवणें हीच तेथील शेतकऱ्यांची कसोटी होय.