समुद्री प्राण्यांतील जीवाणूंची प्रतिजैविके: सात दशकांचा मागोवा

समुद्रातील जीवाणू इतर जीवाणूंना मारणारी द्रव्ये तयार करतात, हे १९४७ साली कॅलिफोर्नियात रोझेनफेल्ड आणि झोबेल यांनी दाखवून दिले. तो पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनचा काळ होता. मातीतूनच एकामागून एक प्रतिजैविके हाती लागत असताना समुद्राकडे वळण्याची निकड फारशी कुणाला वाटली नाही. पुढे रसायनशास्त्रज्ञ समुद्राकडे वळले तेही जीवाणूंसाठी नव्हे, तर स्पंज, प्रवाळ आणि ॲसिडियन यांसारख्या खडकाला चिकटून राहणाऱ्या प्राण्यांसाठी. या प्राण्यांना पळता येत नाही आणि पुष्कळांना कवचही नसते, तरी ते जीवाणूंनी गच्च भरलेल्या पाण्यात तग धरतात. त्यांच्या अंगात संरक्षक रसायने असणार, हा तर्क बरोबर होता. ती रसायने प्राणी स्वतःच बनवतो, हे मात्र बहुतेकांनी न तपासताच गृहीत धरले.

हे गृहीतक कसे ढासळले, ते डिसिडिया हर्बेसिया या उष्ण समुद्रातील स्पंजाच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. १९७२ साली त्याच्या अर्कातून ब्रोमीनयुक्त डायफेनिल ईथर वर्गातील जीवाणुरोधक द्रव्ये मिळाली आणि ती स्पंजाच्या नावावर जमा झाली. काही स्पंजांच्या शरीरात एक तृतीयांशाहून अधिक भाग सूक्ष्मजीवांचाच असतो, हे उघड झाल्यावर मालकीचा प्रश्न उभा राहिला. १९९४ साली अन्सन, हॉलंड आणि फॉकनर यांनी स्पंजाच्या पेशी आणि त्यांच्यात राहणारे सायनोबॅक्टेरिया वेगवेगळे करून तपासले, तेव्हा ब्रोमीनयुक्त द्रव्य सायनोबॅक्टेरियांच्या वाट्यात निघाले. तरीही साठा सापडणे वेगळे आणि निर्मिती सिद्ध होणे वेगळे. हा सहजीवी प्रयोगशाळेत वाढत नसल्याने पुरावा अडून राहिला. अखेर २०१७ साली ग्वामजवळच्या याच कुळातील स्पंजांचा सगळा डीएनए वाचण्यात आला आणि द्रव्य बनवणारी जनुके सायनोबॅक्टेरियाच्या जनुकसंचातच आढळली. या एका उत्तराला ४५ वर्षे लागली.

जीवाणू यजमानाचे खरोखर रक्षण करतो का, याचा सर्वांत देखणा पुरावा कोळंबीच्या अंड्यांनी दिला. गिल-टर्न्स, हे आणि फेनिकल यांचा हा प्रयोग १९८९ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. अंड्यांवरचे जीवाणू काढून टाकले की त्यांना बुरशीसारख्या रोगजंतूची लागण होऊन ती झपाट्याने मरत. आल्टेरोमोनास हा जीवाणू पुन्हा लावला की ती वाचत. जीवाणू न लावता त्याने तयार केलेले इसॅटिन हे द्रव्य नुसते दिले, तरीही वाचत. येथे शत्रू जीवाणू नव्हता, पण द्रव्य, त्याचा निर्माता आणि त्याचा उपयोग या तिन्ही कड्या एकाच प्रयोगात जुळल्या. पुढच्या संशोधनाला हा आदर्श मिळाला.

१९९४ साली अलास्काच्या मॉइरा साउंडमधील ॲसिडियनवर मिळालेल्या स्यूडोमोनास जीवाणूने अँड्रिमिड आणि मॉइरामाइड ही द्रव्ये दिली. अँड्रिमिड नवे नव्हते. १९८७ सालीच ते भातावरील तपकिरी तुडतुड्यात राहणाऱ्या जीवाणूत सापडले होते. भातखाचरातील कीड आणि थंड समुद्रातील प्राणी यांच्या अंगी एकच प्रतिजैविक असावे, हे विलक्षणच. प्रतिजैविकांची जनुके जीवाणूंमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हे त्याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. ही द्रव्ये मेदाम्लनिर्मितीच्या पहिल्या पायरीवरील विकर बंद पाडतात आणि जीवाणूला आपले पेशीपटल बांधता येत नाही.

स्वीडनच्या किनाऱ्यावरील सायोना या ॲसिडियनवरून मिळालेल्या स्यूडोअल्टेरोमोनास ट्युनिकाटाचे शस्त्र म्हणजे एक मोठे प्रथिन. ते लायसिनचे विघटन करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि परक्यांबरोबर स्वतःच्या वसाहतीतील काही पेशीही मारते. लाकूड पोखरून नावा पोकळ करणाऱ्या टेरेडोच्या कुळातील शिंपल्यांच्या कल्ल्यांत टेरेडिनिबॅक्टर जीवाणू राहतो. तो बोरॉनयुक्त टार्ट्रोलॉन बनवतो, हे २०१३ साली कळले. या प्राण्यांच्या पचननलिकेत लाकूड पचते त्या भागात जीवाणू जवळजवळ नसतात. कल्ल्यांतले प्रतिजैविक तिथपर्यंत पोहोचून लाकडातून सुटणारी साखर इतर जीवाणूंच्या तोंडी पडू देत नसावे, असा संशोधकांचा कयास आहे.

समुद्री प्राण्यांतील जीवाणूंपासून आलेले एकही जीवाणुरोधक औषध अजून रुग्णांपर्यंत पोहोचलेले नाही. बहुसंख्य सहजीवी प्रयोगशाळेतील तबकडीत वाढत नाहीत आणि जे वाढतात त्यांची पुष्कळ जनुके एकटेपणी निद्रिस्त राहतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील गटाने २०१७ साली समुद्री अपृष्ठवंशी प्राण्यांतून मिळालेले मायक्रोमोनोस्पोरा आणि ऱ्होडोकॉकस हे जीवाणू एकाच पात्रात वाढवले. तेव्हा मायक्रोमोनोस्पोराने कीसिन हे नवे प्रतिजैविक तयार केले. एकटा वाढवला असता तो ते बनवत नव्हता.