पेपर बुडणे आणि नापास होणे

ठाणे स्थानकात 30-31 मे 2024 च्या मध्यरात्री 63 तासांचा मेगाब्लॉक सुरू झाला. फलाट क्रमांक 5 आणि 6 रुंद करायचे होते. त्यातच सीएसएमटीच्या फलाटांचेही काम निघाले होते. तीन दिवसांत शेकडो लोकल रद्द झाल्या आणि मुंबई विद्यापीठाने 1 जूनला ठरलेले पेपर पुढे ढकलले. निर्णय रास्तच होता. पण याच मार्गावर पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी मुंब्र्याजवळ सिग्नल बिघडतो. डोंबिवलीहून निघालेला विद्यार्थी हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दारातल्या गर्दीत उभा असतो. अकराचा पेपर असतो, आणि पावणेबारा वाजले तरी गाडी पारसिक बोगद्याच्या अलीकडेच थांबलेली असते. अडचण तीच, मार्गही तोच. आधी जाहीर झालेल्या अडचणीत सगळ्यांचा पेपर पुढे जातो. न सांगता आलेल्या अडचणीत ज्याच्या वाट्याला ती आली त्याचा एकट्याचा पेपर बुडतो. आपल्या परीक्षा-नियमांनी या एकट्याचा विचार फार तोकडा केला आहे.

पेपर बुडणे आणि पेपरात नापास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नापास झालेल्याला प्रश्नपत्रिका मिळाली, वेळ मिळाला, त्याचे ज्ञान तपासले गेले आणि ते कमी पडले. पेपर बुडालेल्याचे काही तपासलेच गेलेले नाही. ऑस्ट्रेलियातल्या अनेक विद्यापीठांत म्हणूनच दोन निरनिराळ्या परीक्षा असतात. आजारपणामुळे किंवा घरातल्या मृत्यूमुळे जो बसू शकला नाही, त्याची परीक्षा लांबणीवर टाकली जाते आणि तो त्याचा पहिलाच प्रयत्न धरला जातो. थोडक्यात हुकलेल्याला पुरवणी परीक्षा मिळते. ती दुसरी संधी. आपल्याकडे दोघांनाही ‘केटी लागली’ असेच म्हणतात. केटी म्हणजे एटीकेटी, अनुत्तीर्ण विषय मागे ठेवून पुढच्या सत्रात बसण्याची मुभा. मुभा चांगलीच आहे, तिने असंख्य मुलांची वर्षे वाचवली. पण ती मूळची नापासांसाठीची सोय, आणि तापाने फणफणलेल्या मुलीलाही तिच्याच रांगेत उभे केले जाते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘केटी होती का?’ असे विचारले की तिला हो म्हणावे लागते.

मुंबई विद्यापीठाला हा फरक अगदीच ठाऊक नाही असे नव्हे. 2011-12 च्या सुमारास श्रेयांक पद्धत आली तेव्हाच्या नियमांत पहिल्या चार सत्रांसाठी अतिरिक्त परीक्षेची तरतूद होती. आजारपण, क्रीडा किंवा सांस्कृतिक स्पर्धांत महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व, एनसीसी-एनएसएसचे काम, किंवा प्राचार्यांना पटेल असे अन्य अपवादात्मक कारण असेल तर गैरहजर विद्यार्थी तिला बसू शकत असे. निकालानंतर 20 दिवस झाल्यावर, पण 40 दिवसांच्या आत ती घ्यायची होती. नियम शहाणपणाचा होता, पण त्याच्या तीन बाजू लंगड्या होत्या. एक तर त्याच परीक्षेला नापासही बसत, म्हणजे फरक कागदावर राहिला. दुसरे, सगळे प्राचार्यांच्या समाधानावर अवलंबून. कल्याणच्या एका महाविद्यालयात चालणारे कारण ठाण्यात चालेलच अशी खात्री नाही. तिसरी बाजू सर्वांत गंभीर. पाचव्या-सहाव्या सत्राची परीक्षा विद्यापीठ स्वतः घेते, आणि तिथे पेपर बुडाला की पुढच्या सत्राच्या परीक्षेची वाट पाहावी लागे. नेमक्या त्याच वर्षी एम.ए.चा, एमबीएचा किंवा नोकरीचा दरवाजा उघडा असतो. शिवाय मुदत निकालापासून मोजायची, तर निकाल लांबला की तीही लांबणार. 2017 मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा बेत फसला आणि निकाल महिनोन्महिने रखडले, तेव्हा निकालाला बांधलेली मुदत किती बेभरवशाची ठरू शकते हे दिसले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: खोटी सर्टिफिकेटे. अभ्यास झाला नाही की डॉक्टरचा कागद आणायचा, हे होते आणि नाकारण्यात अर्थ नाही. पण कारणांत भेद करता येतो. गाडी बंद पडल्याची नोंद रेल्वेकडेच असते. जपानमध्ये गाडीला उशीर झाला की रेल्वे कंपनी प्रवाशाला तसा दाखला देते आणि शाळा-कचेऱ्या तो मान्य करतात. मध्य रेल्वेकडून विद्यापीठाने तेवढी माहिती मागवली तर विद्यार्थ्याला दारोदार हिंडावे लागणार नाही. आजारपणाचा दाखला तीन दिवसांत सादर करण्याचे बंधन घाला, पडताळणी करा, खोटा निघाला तर कडक कारवाई करा. पण खोट्या दहांच्या धास्तीने खऱ्या एकाला सहा महिने बसवून ठेवणे हा न्याय नव्हे. दुसरा आक्षेप समानतेचा: वेगळी प्रश्नपत्रिका सोपी निघाली तर? तो खरा आहे, म्हणूनच प्रत्येक विषयाचे दोन संच एकाच वेळी, एकाच समितीने काढून ठेवावेत. तिसरा आक्षेप ताणाचा. ठाणे, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या विद्यापीठाला प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा घेणे जमणार नाही, हे मान्य. पण प्रत्येकाची नको, सगळ्यांची मिळून एकच हवी.

आणि हे जमत नाही असे म्हणणे अवघड आहे, कारण ते झालेले आहे. दहावीला पूर्वी ‘ऑक्टोबरची वारी’ करावी लागे आणि वर्ष हातचे जाई. 2015 पासून राज्य मंडळाने पुरवणी परीक्षा जुलैत आणली आणि त्याच वर्षी अकरावीची वाट खुली झाली. करोनाच्या काळात 6 जुलै 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले की अंतिम वर्षाचा विद्यार्थी कोणत्याही कारणाने परीक्षेला बसू शकला नाही तर त्याला विशेष परीक्षेची संधी देता येईल, म्हणजे त्याचे नुकसान होणार नाही. या सूचनांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 28 ऑगस्ट 2020 रोजी न्यायालयाने परीक्षा घेण्याचा आग्रह उचलून धरला. मात्र विशेष परीक्षेची ही तरतूद फक्त 2019-20 या वर्षासाठी, एकदाच, असेही आयोगाने लिहून ठेवले होते. ‘एकदाच’ हा शब्द पुढच्या वेळापत्रकांतून काढून टाकला पाहिजे. पावसाळा दरवर्षी येतो, कल्याण-ठाण्याच्या रुळांवर पाणी पुन्हा पुन्हा साचते. सत्राचे वेळापत्रक छापतानाच शेवटच्या पेपरनंतर पंधरा दिवसांनी चार-पाच दिवस राखीव ठेवता येतील, निकालाची वाट न पाहता, फक्त गैरहजर राहिलेल्यांसाठी. त्या तारखा हॉल तिकिटाच्या तळाशी छापाव्यात आणि गुणपत्रिकेत त्या पेपराची नोंद पहिला प्रयत्न म्हणूनच व्हावी.