भारा उतरला, भाकऱ्या राहिल्या

देह राखताना : लेखांक ७

"माझे वडील एका बैठकीला चार भाकऱ्या खायचे, त्यांना शेवटपर्यंत साखर नव्हती. मी दोनवर आलोय, तरी मला गोळी. हा कुठला न्याय?"

झोपेवरचा गेला लेखांक वाचून मानकोलीच्या एका काकांनी फोनवर हे विचारलं. दोन वाक्यांत मिटवण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून रविवारी त्यांच्याकडेच गेले. डोंबिवलीहून आता ते सोपं झालंय. मोठागाव-मानकोली पूल सुरू झाला आणि कल्याणचा वळसा वाचला.

"वडिलांचं शेत कुठे होतं?" मी विचारलं. काका मला गच्चीवर घेऊन गेले आणि बोट दाखवलं. "तो निळा पत्रा दिसतोय ना? त्याच्याखाली."

मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेची ही भातखाचरं गेल्या काही दशकांत गोदामांखाली गेली. त्याआधीचं वर्ष काकांनी बोटांवर मोजून दाखवलं. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात चिखलणी, मग गुडघाभर चिखलात ओणवं राहून लावणी. दिवाळीच्या आसपास कापणी, डोक्यावरून भारे खळ्यावर, मग झोडणी. चार भाकऱ्या या कामासाठी होत्या. आता महिन्याचं भाडं थेट बँकेत जमा होतं आणि नाक्यावर दूध आणायलाही स्कूटर निघते.

त्या दिवसांचं मला फार कौतुक नाही. त्या चिखलानं कित्येक बायकांच्या कंबरा मोडल्या. आणि वडिलांना साखर नव्हती म्हणजे काय? "कधी तपासली होती?" काका हसले. "तपासतंय कोण? ताप आला तर काढा, नाहीतर काही नाही."

तरी त्यांचा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर समोरच्या गोदामातच होतं. आपले स्नायू म्हणजे साखरेचं गोदाम. भाकरीची साखर रक्तातून तिथे जाते आणि रॅकवर लागते. हातपाय चालले की माल बाहेर निघतो, नव्यासाठी जागा होते. काकांच्या वडिलांचं गोदाम रोज रिकामं व्हायचं. काकांचं भरलेलंच आहे, आणि वर दोन वेळा नवा माल येतोय. मग गाड्या बाहेर रस्त्यावर खोळंबतात. रक्त तपासल्यावर वाढलेली दिसते ती हीच रांग. जागा न मिळालेला माल चरबी होऊन यकृतात आणि पोटावर उतरवला जातो.

आपल्याकडे हे पोट वजनकाट्याला चकवतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबरचा आपला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून काट्यापेक्षा टेप बरा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८०च्या. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तेव्हा काका एकटे नाहीत.

"मग गोदामात बारा बारा तास पळणारी पोरं ठणठणीत असतील," काका म्हणाले. इथे जरा थांबावं लागतं. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवाल्यांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरना जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होता. पुढे त्यांनी गणवेशांची मापंही पाहिली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या. चालणं हिताचं, हे त्यातून ठसलं. पण कंडक्टरला पाठीवर पोती नव्हती. ओझं उचलताना रक्तदाब चढतो. कामात दम खायची सोय नसली, पाळी संपून झोप पुरी झाली नाही, की त्या कष्टाचा व्यायाम होत नाही, झीज होते. पुरुषानं ५५ किलोवर ओझं नेहमी उचलू नये अशी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ची शिफारस आहे. लोडिंगच्या पोराला घरी जाऊन जोर-बैठका काढ म्हणणं हा चावटपणा आहे. त्याला पाणी, विसावा आणि झोप हवी. व्यायाम हवा तो भाडं घेणाऱ्याला.

जेवणाची वेळ झाली. काकींनी उकड काढून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, हातावर फिरवत, काठ कुठेही न चिरता. सोबत जवळ्याची चटणी आणि वालाचं बिरडं. हे ताट मोडायचं काही कारण नाही. भाकरी एक, बिरडं दोन वाट्या. आजवर उलटं चालत होतं एवढंच. सुक्या मासळीला सरसकट नावं ठेवतात तेही बरोबर नाही. उन्हात नुसते वाळवलेले बोंबील, जवळा वेगळा आणि मिठात मुरवलेलं खारं वेगळं. दिवसाचं मीठ पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि खाऱ्याच्या एका तुकडीत त्यातलं बरंचसं निघून जातं. खरी चोरी नाक्यावर होते. दिवसाला सहा कटिंग, प्रत्येकात दीड चमचा धरला तरी नऊ चमचे साखर. काका म्हणाले, "ती मोजायची असते?"

चालायचं कुठे, हा मानकोलीत खरा प्रश्न आहे. सर्व्हिस रोडला कंटेनर लागलेले, धूळ, पदपथ नाही. तिथे पहाटे चालायला जा असं मी कुणाला सांगणार नाही. गल्लीत, अंगणात, गच्चीवर चालेल. दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं धरली तर दिवसाला अर्धा तास, आठवड्याला दोनशे दहा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना किमान दीडशे सांगते, जरा धाप लागेल अशा चालीनं. जेवल्यावर लगेच चालल्यानं साखर चढतानाच स्नायू ती ओढून घेतात. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर पडावा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हीसुद्धा सुरुवात आहे. साखरेची गोळी चालू असलेल्यांनी भाकरी आणि चाल दोन्ही एकदम बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

निघताना काकींनी शिलाईचा टेप आणला. काकांनी छाती पुढे काढली, पोट आत ओढलं. शहाण्णव.

"श्वास सोडा," काकी म्हणाल्या.

एकशे तीन.

(पुढच्या लेखांकात : रात्रपाळीतलं जेवण)