'आम्ही' की 'आपण'? : 'टुगेदर इन कॉन्सर्ट' या ध्वनिमुद्रिकेतील निषेधगीतांचा विचार

निषेधगीत अल्पायुषी असते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती बहुतांशी खरीही आहे. एखाद्या कायद्याविरुद्ध, युद्धाविरुद्ध वा सत्ताधीशाविरुद्ध गीत रचले जाते. पुढे कायदा रद्द होतो, युद्ध थांबते, सत्ताधीश पायउतार होतो. आणि ज्या प्रसंगाने गीताला जन्म दिला तोच सरल्यावर गीत इतिहासाच्या अभ्यासकापुरते उरते. असे असता, १९७५ साली निघालेली 'टुगेदर इन कॉन्सर्ट' ही पीट सीगर व आर्लो गथ्री या दोन अमेरिकन लोकगायकांची जोड-ध्वनिमुद्रिका आज अर्धशतकानंतरही आवडीने ऐकली जाते, याचा उलगडा कसा करावयाचा? गतकालाची ओढ, चालींचा गोडवा, गायकांचे निष्कलंक चारित्र्य ही कारणे सामान्यतः पुढे केली जातात. ती खोटी नव्हेत. तथापि भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक कारण दिसते, आणि ते एका सर्वनामात दडलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम गायकांविषयी थोडे. सीगर यांचा जन्म १९१९ चा, आर्लो गथ्री यांचा १९४७ चा. दोघांत अठ्ठावीस वर्षांचे अंतर. आर्लो यांचे वडील वुडी गथ्री हे अमेरिकन लोकगीतपरंपरेतील श्रेष्ठ रचनाकार. १९४१ साली सीगर व वुडी 'अल्मॅनॅक सिंगर्स' या गायकवृंदात एकत्र गात असत. पुढे वुडींना हंटिंग्टनच्या असाध्य व्याधीने गाठले व १९६७ मध्ये त्यांचा अंत झाला. सीगर यांना १९५५ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने पाचारण केले असता, आपण कोणासाठी व काय गातो याचा जाब देण्याचे त्यांनी नाकारले. त्याबद्दल १९६१ मध्ये त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. ती १९६२ मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केली. म्हणजे या मुद्रिकेत एक गायक मित्राची परंपरा सांभाळणारा, तर दुसरा पित्याची परंपरा चालविणारा आहे. दोघांच्या आवाजांचे मीलन तसे फारसे सुबक नाही. सीगर यांचा आवाज उंच व मोकळा, आर्लो यांचा किंचित नाकातला व बेफिकीर. ते एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारी शेजारी चालतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. 'आम्ही निघतो' असे म्हटले की ऐकणारा मागे राहतो. 'आपण निघू' असे म्हटले की त्यालाही उठावे लागते. पहिले श्रोतृव्यावर्तक, दुसरे श्रोतृसमावेशक. ('आपण'चे आदरार्थी व स्ववाचक उपयोग येथे बाजूला ठेवू.) हा भेद मराठीत द्राविड भाषांच्या सान्निध्याने रुजला, असे अनेक अभ्यासक मानतात. इंग्रजीत तो नाही. तेथे एकाच सर्वनामावर दोन्ही अर्थांचा भार पडतो, आणि त्यांतला कोणता घ्यावयाचा हे प्रसंगावरून ठरते. सामान्य संभाषणात यामुळे फारसे अडत नाही. निषेधगीतात मात्र सर्व काही याच भेदावर अवलंबून असते, कारण गाणारा 'आम्ही' म्हणत असेल तर ते गाऱ्हाणे होय, 'आपण' म्हणत असेल तर ते आवाहन होय.

बंद खोलीत मुद्रित झालेल्या गीतात हे सर्वनाम बहुधा 'आम्ही'च राहते. ऐकणारा बाहेरच असतो. प्रत्यक्ष मैफलीत गायकाला त्याचे रूपांतर 'आपण'मध्ये करता येते. सीगर यांचे सारे कसब येथेच होते असे म्हणावयास हरकत नाही. श्रोत्यांनी पुढील ओळ म्हणावयाची असली की ते ती आधीच झटपट, बोलल्यासारखी, सांगून टाकीत; दोन मात्रांत ओळ सुचविली जाई आणि सभागृह ती सुरात उचली. ही रीत त्यांनी शोधलेली नव्हे. ज्या काळी ग्रंथ दुर्मिळ होते आणि वाचणारे थोडे होते, त्या काळी इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्रार्थनामंदिरांत स्तोत्राची एकेक ओळ आधी सांगून मग सर्वांनी गाण्याचा प्रघात होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत तो फार काळ टिकला. आपल्याकडे शाहिराची ओळ झीलकरी उचलतात, तिच्याशी हिचे साम्य आहे; परंतु भेदही आहे. झीलकरी मंचावरच असतात व त्यांना पोवाडा पाठ असतो. येथे झीलकऱ्यांचे काम तिकीट काढून आलेल्या, गाणे कदाचित प्रथमच ऐकणाऱ्या माणसांना करावयाचे असते.

दोघे गायक असल्याने या क्रियेस आणखी एक बळ मिळते. एकटा गायक श्रोत्यांपुढे उभा राहिला की 'मी' आणि 'तुम्ही' असे दोनच पक्ष पडतात. दोघे असले की एक गात असता दुसरा ऐकत असतो. तो मंचावरचा पहिला श्रोता होय. तो केव्हा सामील होतो, कसा होतो, हे सभागृहाला दिसते, आणि सामील होण्याची वाट तेथून पुढे उघडते.

परभाषेतील गाण्यांत हे विशेष जाणवते. 'ग्वांतानामेरा' हे क्यूबाचे गाणे होसे मार्ती यांच्या, १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'साधी कवने' या संग्रहातील पद्यावर आधारलेले. ध्रुपदात अर्थाचा भार जवळजवळ नाहीच. ग्वांतानामो प्रांतातील एका ग्रामीण स्त्रीचा तेवढा उल्लेख. नेमके म्हणूनच स्पॅनिश न येणाऱ्यांना ते गाता येते. 'सदैव सूर्य असो' अशा आशयाच्या रशियन गीताची कथा तर आमच्या विषयाच्या दृष्टीने फारच उद्बोधक आहे. त्याचे ध्रुपद एका चार वर्षांच्या मुलाने रचलेले आहे. 'सदैव' या शब्दाचा अर्थ त्याला समजावून सांगितला गेला, आणि त्या नव्या शब्दाच्या आनंदात त्याने चार ओळी जुळविल्या. १९२८ मध्ये त्या छापल्या गेल्या. कॉर्नेई चुकोव्हस्की यांनी बालभाषेवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्या उद्धृत केल्या. आणि १९६२ साली लेव्ह ओशानिन व आर्कादी ओस्त्रोव्हस्की यांनी त्यांवर गीत उभारले. शब्दार्थ शिकण्याच्या एका क्षणाचे युद्धविरोधी गीत व्हावे आणि ते, दोन्ही महासत्ता परस्परांवर अण्वस्त्रे रोखून असताना, अमेरिकन श्रोत्यांनी गावे! या गीतात निषेधाचा एक शब्दही नाही. केवळ विध्यर्थाची पुनरावृत्ती आहे, आणि विध्यर्थाला पक्ष नसतो. तो कोणीही उच्चारावा.

तथापि या मुद्रिकेत एक जागा अशी आहे की जेथे श्रोत्यांना गावयास सांगितले जात नाही. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कराने सत्ता बळकावली. गायक-कवी व्हिक्टर हारा यांना सॅन्टियागोतील एस्तादिओ चिले या क्रीडागृहात इतर हजारो बंद्यांसह डांबण्यात आले व काही दिवसांतच त्यांची हत्या झाली. तेथे त्यांनी रचलेली अखेरची कविता सहबंद्यांकरवी बाहेर आली. सीगर तिचा इंग्रजी अनुवाद गिटारच्या साथीवर म्हणतात. गात नाहीत, म्हणतात. या कवितेतील बोलणाराही अनेकवचनी आहे. स्पॅनिशमध्ये ते अनेकवचन क्रियापदाच्या प्रत्ययातच सामावते. पण हा 'आम्ही' कोंडलेल्या माणसांचा आहे. त्यात सुरक्षित आसनावर बसलेल्या श्रोत्याने शिरणे उद्धटपणाचे ठरेल. सीगर यांनी तो भेद ओळखला असे सादरीकरणाच्या रीतीवरून दिसते. इंग्रजी व्याकरणाने जे दिले नाही ते त्यांनी गाणे व म्हणणे यांतील फरकाने साधले. या मुद्रिकेचे मोठेपण मला सर्वाधिक येथे जाणवते. केवळ सर्वांना सामील करून घेणे अवघड नसते. कोठे सामील करून घेऊ नये हे कळणे अवघड.

या सर्व विवेचनाची खरी कसोटी 'डिपोर्टी' या गीतात आहे. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातील लॉस गाटोस दरीत एक विमान कोसळले व बत्तीस माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी अठ्ठावीस मेक्सिकन शेतमजूर होते. त्यांना मायदेशी परत धाडण्यात येत होते. न्यूयॉर्कमध्ये वुडी गथ्री यांनी जी बातमी वाचली तीत वैमानिक, कर्मचारी व पहारेकरी यांची नावे होती. मजुरांचा निर्देश मात्र 'हद्दपार केलेले' एवढ्या एका सामान्यनामाने झाला होता. (अपघातस्थळाजवळच्या फ्रेस्नो येथील वृत्तपत्राने मजुरांची नावे छापली होती, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे.) विशेषनामे काढून घेऊन त्यांच्या जागी सामान्यनाम बसविणे, या भाषिक कृतीवरच वुडींनी कविता लिहिली. सुमारे दशकभराने मार्टिन हॉफमन यांनी तिला चाल दिली आणि सीगर यांनी ती लोकांपर्यंत नेली. म्हणून या मुद्रिकेत ती पित्याचा पुत्र आणि पित्याचा मित्र यांच्या मुखी येते, याला विशेष अर्थ आहे.

गीतात 'उई' हे सर्वनाम एकाहून अधिक ठिकाणी येते. मधल्या कडव्यांत ते मजुरांचे आहे: अमेरिकेच्या डोंगरांत व वाळवंटांत मेलेल्यांचे. शेवटच्या कडव्यात फळबागा पिकविण्याच्या रीतीविषयी प्रश्न विचारला जातो; तेथे तेच सर्वनाम बागांच्या देशाचे, म्हणजे फळे खाणाऱ्यांचे होते. इंग्रजी ऐकणाराच्या लक्षातही न येता बोलणारा बदलतो. मराठीत हे घडणे अशक्य आहे. अनुवादकाला प्रत्येक ठिकाणी उत्तर द्यावेच लागते. आधी 'आम्ही', अखेर 'आपण', असा अनुवाद मला स्वाभाविक वाटतो. गीताची सारी गती या दोन शब्दांमधील अंतरात आहे.

याउलट 'प्रेसिडेन्शियल रॅग' हे आर्लो यांचे वॉटरगेट प्रकरणावरील गीत पाहावे. त्यात राष्ट्राध्यक्षास थेट 'तुम्ही' म्हणून संबोधिले आहे. निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी पद सोडले आणि त्या 'तुम्ही'ची जागा रिकामी झाली. आजच्या श्रोत्याला येथे टीपेची गरज लागते. प्रारंभी सांगितलेली समजूत या गीताला लागू पडते. मला तरी ते मुद्रिकेतील सर्वांत जुने झालेले गीत वाटते. 'गोल्डन व्हॅनिटी' हे कित्येक पिढ्या गायले गेलेले दर्यागीत त्याच्यापेक्षा ताजे आहे. बक्षिसाच्या वचनावर शत्रूचे जहाज बुडविणाऱ्या पोराला कप्तान पाण्यातच सोडून देतो, एवढीच त्यातील हकीकत. निषेध ऐकणाऱ्याने स्वतःच करावयाचा.

येथे एक आक्षेप संभवतो, व तो क्षुल्लक नाही. सभागृहात जमलेले लोक आधीच या गायकांच्या मताचे होते. त्यांच्याकडून 'आपण' वदवून घेण्यात कसली मातबरी? शिवाय ज्यांच्याविषयी गावयाचे ते मजूर तेथे नव्हतेच. पहिल्या भागाला माझे उत्तर इतकेच की, एकमताच्या माणसांनाही एकत्र आवाज काढण्याची सवय नसते, आणि ती सवय म्हणजे मत नव्हे, पण मतापेक्षा कमीही नव्हे. दुसऱ्या भागाला उत्तर देणे कठीण आहे. फ्रेस्नो येथील दफनभूमीत त्या अठ्ठावीस जणांची एकच सामायिक कबर होती आणि तीवर एकाचेही नाव नव्हते. लेखक टिम हर्नांडेझ यांच्या परिश्रमाने २०१३ मध्ये तेथे सर्व नावांची शिळा बसविण्यात आली. गीत रचल्यापासून पासष्ट वर्षे लागली. गीतामुळे ती नावे आठवणीत राहिली असे म्हणता येत नाही, कारण गीतात ती नव्हतीच. ती हरवली आहेत, एवढे मात्र गीतामुळे लोकांच्या लक्षात राहिले.

पदव्युत्तर वर्गात या गीताचा अनुवाद करावयास दिला असता आलेला एक अनुभव नमूद करतो. मराठवाड्यातून आलेल्या, जिच्या घरची माणसे दरवर्षी ऊसतोडणीस जातात अशा एका विद्यार्थिनीने मधल्या कडव्यांत 'आम्ही' लिहिले आणि शेवटच्या कडव्यात 'आपण' न लिहिता 'तुम्ही' लिहिले. मूळ संहितेत तेथे द्वितीय पुरुष नाही, हे मी दाखवून दिले. ती म्हणाली, "सर, ते मला माहीत आहे. पण बाग ज्यांची, प्रश्न त्यांना आहे. तेथे 'आपण' म्हटले तर मीही त्यांच्यात जाते." वर्गातील इतरांनी संहितेची बाजू घेतली, चर्चा तासाच्या पलीकडे गेली. दुसऱ्या तासाला आम्ही पुन्हा तीच मुद्रिका लावली व शेवटचे कडवे दोनदा ऐकले. तिने आपला शब्द बदलला नाही. तिच्या वहीत त्या शब्दाखाली मी तांबड्या पेन्सिलीने केलेली खूण मात्र नंतर खोडून टाकली.